कंबरदुखी हा चळवळीचा विषय नाही, असे कोण म्हणतो?

आपल्या बैठकांची विषयपत्रिका मला आता तोंडपाठ झाली आहे. जयंतीची वर्गणी, विहाराचा स्लॅब, शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्ज, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसची तारीख. हे सगळे हवेच. पण परवा मी त्यात एक विषय घाला म्हटले, की वालीव-सातिवली-गोखिवरे पट्ट्यातल्या कामगारांसाठी महानगरपालिकेच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट मागायचा, तेव्हा एक जुने कार्यकर्ते हसले. म्हणाले, "ताई, कंबरदुखीला बाम लावा. चळवळीत कशाला आणताय?" बाकीचेही हसले. गंमत अशी, की हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक भिंतीला पाठ टेकून, एक पाय लांब करून बसले होते. खाली मांडी घालून अर्धा तास बसणे त्यांना जमत नव्हते.

त्या हसण्याला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. भांडण दादांशी नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेल्या एका समजुतीशी आहे: दुखणे खाजगी असते, अन्याय सार्वजनिक असतो.

वालीव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आत वळले की गाळेच गाळे. पत्र्याचे, सिमेंटचे, एकावर एक चढवलेले. कुठे प्लॅस्टिक मोल्डिंग, कुठे पत्रा कापणारे प्रेस, कुठे पॅकिंग, कुठे फर्निचर. सकाळी आठला रिक्षांतून, टेम्पोतून, पायी माणसे आत जातात आणि रात्री आठ-साडेआठला बाहेर पडतात. आत जाताना आणि बाहेर येताना त्यांच्या चालण्यात फरक असतो. मी समाजकार्याच्या निमित्ताने या वस्त्यांत फिरते आणि मला तो फरक आता लांबून कळतो. प्रेसवरचा माणूस एक खांदा खाली सोडून चालतो. पॅकिंगवाली ताई घरी पोचल्यावर आधी पायरीवर बसते, मग चप्पल काढते. टेम्पो भरणाऱ्याची मान आखडलेली असते, मागून हाक मारली तर तो मान वळवत नाही, अख्खा वळतो. घरकाम करणाऱ्या मावशींची बोटे सकाळी मिटत नाहीत. कंत्राटी सफाई कामगाराचे तर विचारूच नका.

ही माणसे कोण आहेत? उत्तर भारतातून आलेली आहेत, मराठवाड्यातून आलेली आहेत, इथल्या आदिवासी पाड्यांवरची आहेत, आपली आहेत. त्यांत सवर्ण अजिबात नाहीत असे मी म्हणत नाही. पण त्याच गाळ्यात खुर्चीवर बसून हिशेब लिहिणारा कोण आणि पन्नास किलोची गोण उचलणारा कोण, हे एकदा मोजून पाहा. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त सांगून ठेवले. समाजशास्त्राच्या वर्गात मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. वालीवमध्ये मला त्याचा पुढचा अर्थ कळला. श्रमिकांची विभागणी झाली की दुखण्याचीही विभागणी होते. झिजणारे गुडघे एका बाजूला जमा होतात आणि गुडघ्यांवर उपचार करणारे ज्ञान दुसऱ्या बाजूला.

आता या दुखण्यावर जो धंदा उभा आहे तो पाहू. पहिली पायरी मेडिकलवाला. "दादा, कंबर धरलीय" म्हटले की कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगीत गोळ्या. दुसरी पायरी गल्लीतला डॉक्टर, ज्याच्या पाटीवरच्या पदवीचा अर्थ कुणाला लागत नाही. तो सुई मारतो. सुईने दोन दिवस बरे वाटते, कामावर जाता येते, म्हणून तो 'हाताला गुण असलेला' ठरतो. त्या सुईत काय होते हे कुणी विचारत नाही. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या की जठराला जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, रक्तदाब वाढतो. आपल्या वस्तीत डायलिसिसला जाणाऱ्यांना एकदा विचारा, आधी किती वर्षे दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. सगळ्यांचे कारण तेच निघेल असे नाही, पण उत्तर ऐकून तुम्ही गप्प व्हाल.

तिसरी पायरी कमरेचा पट्टा. चौथी एमआरआय. रिपोर्टमध्ये लिहून येते, गादी सरकली आहे. झाले. त्या दिवसापासून चाळिशीचा धडधाकट माणूस स्वतःला अपंग समजायला लागतो. आता हे नीट ऐका. ज्यांना पाठदुखीचा काहीही त्रास नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची. म्हणजे दुखणे नसतानाही गादी फुगते, जसे केस पांढरे होतात. तो कागद दाखवून ज्याला ऑपरेशनची भीती घातली जाते त्याला हे कुणी सांगत नाही, कारण भीतीतच पैसा आहे.

आणि पाचवी पायरी, ज्यावर बोलताना मला थोडे जपून बोलावे लागेल, कारण तिच्या पाटीवरही 'फिजिओथेरपी' असेच लिहिलेले असते. तिथे जा, पालथे झोपा, एक मशीन लावतात, गुदगुल्या होतात, वीस मिनिटांनी घंटी वाजते, पैसे द्या, उद्या या. आमच्या भागात एका बैठकीचे तीनशे ते पाचशे रुपये. दहा बैठकांचे पॅकेज. कामगार तीन बैठकांनंतर बंद करतो आणि म्हणतो, "फिजिओथेरपी केली, काही फरक नाही." त्याची चूक नाही. त्याला फिजिओथेरपी मिळालीच नाही. भाड्याने मशीन मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेशिवाय काय करावे आणि काय करू नये, याबद्दल. करा म्हणून सांगितलेल्यात आहे व्यायामाचा आखलेला कार्यक्रम, रुग्णाला त्याचे दुखणे समजावून सांगणे, काही प्रमाणात हाताने केलेले उपचार आणि मसाज, मानसिक आधाराचे उपचार. नेहमीसाठी करू नका म्हणून सांगितलेल्यात काय आहे? कमरेचे पट्टे. ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ओढणे. अल्ट्रासाउंडचा शेक. टेन्स नावाचे करंटचे मशीन. अफूवर्गीय वेदनाशामके. म्हणजे गरिबाला जे विकले जाते त्यातले बरेचसे 'नको'च्या यादीत आहे, आणि 'करा'च्या यादीत जे आहे ते त्याला कुणी शिकवत नाही, कारण ते एकदा शिकवले की माणूस घरी करू शकतो आणि उद्या पुन्हा पैसे द्यायला येत नाही.

खरी फिजिओथेरपी काय करते ते माझ्या समजुतीप्रमाणे साध्या भाषेत सांगते. दुखणे म्हणजे अलार्म. नवीन इजा झाली की अलार्म वाजतो, ते बरोबरच आहे. पण दुखणे तीन महिन्यांपेक्षा जुने झाले की बऱ्याचदा इजा भरून आलेली असते आणि अलार्मच बिघडलेला असतो. मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते, साधे वाकले तरी बोंब मारते. माणूस घाबरून हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात, सांधे धरतात, मग थोड्या कामानेही जास्त दुखते. हे चक्र गोळीने तुटत नाही. चांगला थेरपिस्ट आधी अर्धा तास बोलतो. काय काम करता, किती वेळ उभे राहता, झोप लागते का, घरी कोण आहे. मग हालचाल तपासतो. मग दोन-तीनच व्यायाम देतो, आज जेवढे झेपेल तेवढेच, आणि दर आठवड्याला थोडे वाढवत नेतो. 'थोडे दुखले म्हणजे मोडले असे नाही' हा विश्वास देणे हा त्या उपचाराचा निम्मा भाग आहे. गुडघ्याच्या झिजेवर हेच लागू आहे: मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार कमी होतो आणि अनेकांचे ऑपरेशन लांबते. मधुमेहात तर स्नायू हे रक्तातल्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडतो, हात वर जात नाही, साडीचा पदर मागून घेता येत नाही, हे आपल्या घराघरात आहे, आणि त्यावरही हालचालीचाच उपचार आहे.

इथे हमखास एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. "बारा तास अंग मोडून काम करतो, आणखी व्यायाम कसला?" श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात वजन तुम्ही ठरवता, वेग तुम्ही ठरवता, थांबायचे कधी ते तुम्ही ठरवता आणि नंतर विश्रांती मिळते. प्रेसवर हे चारही मालक ठरवतो. तीच एक हालचाल दिवसातून हजारो वेळा, तोच स्नायू, तोच सांधा, आणि बाकीचे शरीर तसेच ताठ. डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. फावल्या वेळेतली हालचाल प्रकृती सुधारते, पण कामावरची जड हालचाल तसा फायदा देत नाही, उलट हानीही करते, असे त्यांना दिसले. म्हणून मालक जेव्हा म्हणतो, "आमच्या कामगारांना जिमची गरज नाही, कामच व्यायाम आहे," तेव्हा ते विज्ञानाच्या दृष्टीनेही खोटे आहे. आणि २१ जूनला टी-शर्ट वाटून गाळ्यासमोर सूर्यनमस्काराचा फोटो काढणारा मालक २२ जूनला बसायला स्टूल देत नसेल, तर तो योगदिन त्याचा त्यालाच लखलाभ.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकते, कारण हा लेख वाचून कुणी नको ते करू नये. प्रत्येक पाठदुखी व्यायामाने बरी होणारी नसते. पाठ दुखते आणि सोबत संध्याकाळी ताप, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्या दाटीच्या वस्त्यांत तो दुर्मीळ नाही. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरता आली असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचे. मालीशवाल्याकडे नाही, फिजिओकडेही नाही.

आता लकव्याबद्दल. मला सर्वांत जास्त राग इथे येतो. वस्तीत कुणाला अर्धांगाचा झटका आला तर जीव वाचवण्यासाठी लोक कर्ज काढतात. माणूस वाचतो. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत एक शब्द असतो: 'फिजिओथेरपी'. त्या एका शब्दापाशी सगळी व्यवस्था संपते. कुठे करायची, किती दिवस, कोण नेणार, रिक्षाचे पैसे कोण देणार, काही नाही. माणसाला बाजेवर टाकतात किंवा गावी पाठवतात. झटक्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू नव्याने शिकण्याच्या सर्वांत चांगल्या स्थितीत असतो. तेच महिने अंगाऱ्यात, तेलात आणि कुठल्याशा गावच्या 'लकव्याच्या औषधा'त जातात. हात छातीशी वाकडा आखडतो तो कायमचा. मग घरातली मुलगी शाळा सोडते, कारण बापाला उठवायला-बसवायला कुणीतरी हवे. हे शिक्षणाचे नुकसान कोणत्या खात्यात मोजायचे?

आणि आपण कोणाचे वारस आहोत? जोतिराव फुल्यांना १८८८ साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. त्यानंतर तात्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ साली छापून आले. आपण ही गोष्ट भाषणात जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो, टाळ्या घेतो. पण एकदा शरीराच्या बाजूने तिच्याकडे पाहा. साठी ओलांडलेल्या माणसाने रोज बसून, चुकत, वाकडीतिकडी अक्षरे काढत, एका हाताला नवे काम शिकवले. घरी सावित्रीबाई होत्या, सत्यशोधक सहकारी होते, डॉक्टर येत होते. जिद्दीला आधार होता. आमच्या वस्तीतल्या लकवा झालेल्या माणसाकडे जिद्द नाही असे कुणी समजू नये. त्याला आधार नाही. आणि कटुपणा असा, की राज्याची जी मोठी आरोग्य विमा योजना जोतिरावांच्या नावाने चालते ती मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आखलेली आहे. घरी परतल्यावर महिनोन्‌महिने लागणारा रोजचा व्यायामोपचार तिच्या बाहेरच राहतो.

"फिजिओथेरपी हे क्रिकेटवाल्यांचे आणि श्रीमंतांचे चोचले" असेही ऐकू येते. इतिहास उलट आहे. ही विद्या जगात वाढली ती महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांमुळे आणि पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांमुळे. भारतात तिची पहिली शाळा कुठे सुरू झाली? परळला, केईएम रुग्णालयात, १९५३ साली. जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून ती काढली. दोन वर्षांनी हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. परळ म्हणजे गिरणगाव. त्याच गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. अशा कामगार वस्तीत, पालिकेच्या म्हणजे लोकांच्या पैशाने, या देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. ती आपल्यापासून दूर नेऊन वातानुकूलित क्लिनिकमध्ये बसवली ती नंतर, बाजाराने.

आणखी एक बाब, जी आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. हा स्पर्शाचा उपचार आहे. थेरपिस्टला रुग्णाचे अंग हातात घ्यावे लागते, त्याचा घाम, त्याच्या टाचेच्या भेगा. ज्या समाजाने अंग चोळण्याचे, मालीश करण्याचे काम खालच्या मानलेल्या जातींवर टाकले आणि आमच्या तर सावलीलाही लांब ठेवले, त्या समाजात पदवी लागल्याबरोबर हेच काम प्रतिष्ठेचे झाले. प्रतिष्ठा मिळाली याचा मला आनंद आहे. पण एका ताईने मला सांगितले ते विसरता येत नाही. एका खाजगी क्लिनिकात तिच्या कचरा उचलण्याच्या कामाचे कळल्यावर हात लावायचे बंद झाले, फक्त मशीन लावले गेले. विटाळाने आता करंटची वायर वापरायला सुरुवात केली आहे.

बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या पायांच्या वेदना, मधुमेह, रात्र-रात्र न लागणारी झोप हे सगळे त्यांच्या पत्रांत आणि चरित्रांत आहे. घटनेचे काम चालू होते तेव्हाही हे दुखणे चालू होते. १० ऑगस्ट १९५१ ला हिंदू कोड बिल लवकर घ्या म्हणून पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी आपल्या ढासळत्या प्रकृतीचा उल्लेख केला. जुनाट दुखणे माणसाच्या कामाचे तास कसे खाते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणाऱ्या प्रा. अदारकरांचा अहवाल १९४४ साली याच खात्याकडे आला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे १९४६ चे दुरुस्ती विधेयकही मजूरमंत्री म्हणून त्यांनीच मांडले.

त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिमाही ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर. कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगतात. वालीवच्या गाळ्यात संमती कशी घेतात ते मी पाहिले आहे: "जमत असेल तर थांब, नाहीतर उद्यापासून येऊ नको." बारा तास इथे आधीपासूनच चालू होते, आता त्यावर शिक्का बसेल. जो सांधा आठ तासांच्या कामानंतर सोळा तासांत सावरत होता, त्याला बारा तासांच्या कामानंतर प्रवास, स्वयंपाक, पाणी भरणे धरून पाच-सहा तासही मिळणार नाहीत. अशा वेळी कुठलाही व्यायाम अर्धाच उपयोगी. मी फिजिओथेरपीची जाहिरात करत नाहीये. कामाचे तास न मागता फक्त व्यायाम शिकवणे म्हणजे छप्पर गळत असताना पोछा मारणे.

ईएसआय हा तर आपल्या हक्काचा पैसा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त कामगार असतील तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जमा झालेच पाहिजेत. चौदा हजार पगारावर तुमचे १०५ रुपये, मालकाचे ४५५. त्यात कुटुंबासह उपचार आहेत. आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावर इजा झाली तर ९० टक्के. पण गाळ्यात पंचवीस माणसे असतात आणि कागदावर आठ. बाकी ठेकेदाराची, रोजंदारीची, 'शिकाऊ'. ज्यांचे कापले जाते त्यांनाही वालीवहून रिक्षा, मग वसई रोडहून लोकल करून कांदिवलीचे रुग्णालय गाठावे लागते. अंधेरीचे ईएसआय रुग्णालय १७ डिसेंबर २०१८ च्या आगीत गेले आणि सगळा भार इतरांवर आला. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचे तर दोन दिवसांचा रोज बुडतो. मग कोण जाईल?

शिवाय कायद्याच्या लेखी कंबरदुखी हा कामाचा आजारच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत स्नायू-सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडच्या नुकसानभरपाईच्या परिशिष्टात शिसे आहे, पारा आहे, गोंगाटाने आलेला बहिरेपणा आहे. भार उचलून गेलेली कंबर त्यात नाही. यादी कुणी केली असेल याचा अंदाज बांधा. ज्याने गोण उचलली त्याने नक्कीच नाही.

बसण्याचा हक्क हीसुद्धा मागणी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होते: उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बसण्याची सोय हवी. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी हा हक्क कायद्यात आणला. महाराष्ट्रात साड्यांच्या दुकानातली मुलगी आजही दहा तास उभी असते. खुर्चीवर बसला म्हणून, खाटेवर बसला म्हणून मार खाल्लेल्या समाजाला बसण्याच्या हक्काचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नसावी. तरी आपल्या एकाही निवेदनात मी तो वाचलेला नाही.

आता जे म्हणतात की धम्मात शरीराला महत्त्व नाही, दुःख सहन करायला शिका, त्यांच्यासाठी. भगवान बुद्धांची पाठ दुखत असे. दीघनिकायातल्या संगीतिसुत्तात ते पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात आहेत, रात्र झाली आहे, आणि ते सारिपुत्तांना सांगतात की पाठ दुखते आहे, जरा आडवा होतो, पुढचे प्रवचन तुम्ही करा. मज्झिमनिकायात कपिलवस्तूला हेच आनंदांना सांगतात. तथागताला पाठ दुखते हे सांगण्याची लाज वाटली नाही, आणि आम्ही मात्र सुपरवायझरला घाबरून गोळी खाऊन उभे राहतो. चुल्लवग्गात तर वैद्य जीवक बुद्धांकडे विनंती करतो, की आजारी पडणाऱ्या भिक्खूंना चंक्रमणासाठी, म्हणजे चालण्यासाठी जागा आणि अंग शेकायला उष्णगृह असू द्या. बुद्ध परवानगी देतात. चालणे आणि शेक, वैद्याच्या सल्ल्याने! दोन बाणांचा दृष्टान्तही लोक मला ऐकवतात: शरीराची वेदना हा पहिला बाण, मनाचे दुःख दुसरा. खरे आहे, जुनाट दुखण्यात भीतीचा दुसरा बाण काढणे फार उपयोगी पडते. पण पहिला बाण मारणारा बारा तास धनुष्य ताणून समोर उभा असताना कामगाराला फक्त दुसऱ्या बाणाचे प्रवचन देणे याला मी धम्म म्हणणार नाही.

मग करायचे काय? महानगरपालिकेकडे मागणी: प्रत्येक प्रभागातल्या दवाखान्यात आठवड्यातून किमान तीन दिवस फिजिओथेरपिस्ट, आणि तोही संध्याकाळी सात ते दहा. सकाळच्या ओपीडीचा कामगाराला शून्य उपयोग. लकव्याच्या रुग्णासाठी पहिले तीन महिने घरभेट, आशाताईंच्या नोंदीवरून. ईएसआयकडे मागणी: औद्योगिक पट्ट्यातच बाह्यरुग्ण फिजिओथेरपी, कांदिवलीत नाही.

तरुणांशी मला वेगळे बोलायचे आहे. आपल्या अभ्यासिकेत चाळीस मुले बसतात, चाळीसही एमपीएससी करतात. करा. पण बीपीटीएच नावाची पदवी असते, नीटमधून प्रवेश होतो, राखीव जागा असतात, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती आणि त्यावर फ्रीशिप असते, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे? मी विचारले तेव्हा दोघांना माहीत होते. एमबीबीएसचा नंबर हुकला की मुली बारावीनंतर थेट घरी बसवल्या जातात. आपल्यातून या विद्येत माणसे गेली तर सफाई कामगार ताईला हात लावायला कचरणारे क्लिनिक एक तरी कमी होईल. आणि जे गेले आहेत, बोरिवली-अंधेरीला नोकरी करतात, त्यांनी रविवारचे दोन तास वस्तीला द्यावेत. उपकार म्हणून नाही. 'पे बॅक टू सोसायटी' फक्त वर्गणीच्या पावतीने होत नाही.

जागा आपल्याकडे आहे. विहार. वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते तेव्हा पन्नास-साठ महिला येतात. पुढे सतरंजीवर बसणाऱ्या दरवर्षी कमी होतात आणि मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग वाढते. वाचनानंतर वीस मिनिटे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, खांदे फिरवणे. मशीन नको, पट्टा नको, भांडवल नको. कुणी म्हणेल, विहारात व्यायाम शोभतो का. त्यांना जीवकाची गोष्ट सांगा. नालासोपाऱ्याचा स्तूप इथून फार लांब नाही. तिथे राहणारे भिक्खूही चंक्रमण करतच असतील.

दरम्यान प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गल्लीतल्या दहा कामगारांना चार गोष्टी विचारून वहीत लिहायच्या आहेत: कुठे दुखते, किती महिन्यांपासून, रोज किती तास उभे किंवा वाकून काम, आणि पगारपत्रकात ईएसआय कापतात का. कापत असतील तर विमा क्रमांक विचारा आणि त्या क्रमांकावर खरोखर पैसे भरले जातात का ते मोबाईलवर तपासून द्या. पगारपत्रकच मिळत नसेल तर तेही लिहा, कारण ती वेगळी तक्रार आहे. नाव लिहायची गरज नाही, गाळ्याचे काम काय ते लिहा. वालीवच्या प्रभाग कार्यालयात निवेदन घेऊन जाताना हातात दोनशे माणसांच्या सांध्यांचा हिशेब असला पाहिजे. माझ्या वहीत आजपर्यंत एकसष्ट झाले आहेत. त्यातल्या चव्वेचाळीस जणांना ईएसआय म्हणजे काय हे माहीत नव्हते, आणि एकोणीस जणांचे पैसे कापले जात होते.